‘डॉक्टर’ पदवीचा अर्थविचार

१

‘अर्थ’ या शब्दाचे मराठीत दोन संसार आहेत. शब्दाचा अर्थ हा एक आणि अर्थशास्त्रातील अर्थ हा दुसरा. भाषेचा अभ्यासक सामान्यतः पहिल्याच्या अंगणात वावरतो आणि दुसरा अर्थशास्त्रज्ञांकडे सोपवून मोकळा होतो. परंतु काही शब्दांच्या बाबतीत ही वाटणी टिकत नाही. नावाआधी लागणारे ‘डॉक्टर’ हे उपपद आणि विद्यापीठीय परिभाषेत ‘विद्यावाचस्पती’ म्हणून ओळखली जाणारी पदवी यांची गणना अशाच शब्दांत करावी लागते. या पदवीला पैशाच्या परिभाषेत काही मूल्य आहे काय, आणि असल्यास ते कोणाच्या पदरात पडते, पदवीधराच्या की त्याला कामावर ठेवणाऱ्या संस्थेच्या, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. त्याची उत्तरेही दोन्ही बाजूंनी तयार असतात. प्रस्तुत विवेचनाचा रोख त्या उत्तरांहून प्रश्नातील ‘मूल्य’ या पदाकडे अधिक आहे. या एका पदाखाली तीन भिन्न वस्तूंचा व्यवहार चालतो, आणि एका वस्तूचे दाम देऊन दुसरीची अपेक्षा केली जाते, हे दाखविणे हा त्याचा हेतू आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधान परिषदेत ‘सारथी’ संस्थेच्या संशोधन-अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला असता, तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून विद्यार्थी कोणते दिवे लावणार, अशा आशयाचा प्रश्न केला. सभागृहाबाहेर त्यावर बरीच टीका झाली आणि तिचा भर मुख्यतः प्रश्नाच्या स्वरावर होता. ते स्वाभाविकही होते. ‘दिवे लावणे’ हा वाक्प्रचार मराठीत बहुधा उपरोधानेच योजला जातो. उत्तर नकारार्थी असणार हे त्याच्या रचनेतच गृहीत असते. तथापि स्वर बाजूस ठेवला तर मूळ प्रश्न अप्रस्तुत ठरत नाही. अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये पीएच.डी.साठी नोंदलेल्या विद्यार्थ्यांची संख्या १.१७ लाख होती, ती २०२१-२२ मध्ये २.१२ लाखांवर गेली. एवढी माणसे आयुष्यातील उमेदीची वर्षे ज्या कामात घालवितात आणि ज्यासाठी सार्वजनिक निधी खर्ची पडतो, त्याचे फलित विचारण्याचा अधिकार कोणालाही आहे. प्रश्न कोणाला विचारावयाचा, एवढेच ठरवावयाचे राहते.

२

प्रथम शब्दाकडे पाहू जाता असे दिसते की, ‘डॉक्टर’ हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ ‘शिकविणे’ असा आहे. डॉक्टर म्हणजे शिकविणारा. मध्ययुगीन युरोपात, बोलोन्या व पॅरिस येथील विद्यापीठांत, ही पदवी वस्तुतः अध्यापनाचा परवाना होती. सुतार-सोनारांच्या श्रेणींत उमेदवारी संपवून कारागीर जसा श्रेणीचा पूर्ण सभासद होई, तसा विद्यार्थी अध्यापकांच्या मंडळात प्रवेश करी. नवे ज्ञान निर्माण करण्याची अट त्यात नव्हती. प्रस्थापित ज्ञान आत्मसात केले आहे आणि ते वादात टिकवून धरता येते, एवढे सिद्ध करणे पुरेसे होते.

या अर्थावर दुसरा थर चढला तो एकोणिसाव्या शतकात जर्मनीत. १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाच्या आदर्शातून संशोधन हे विद्यापीठाचे मुख्य कार्य ठरले व प्रबंध हा पदवीचा गाभा बनला. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ मध्ये पहिल्या पीएच.डी. पदव्या दिल्या. ऑक्सफर्डने ही पदवी स्वीकारली ती १९१७ मध्ये. त्यापूर्वी उच्च संशोधनासाठी जर्मनीची वाट धरणारे अमेरिकी विद्यार्थी इंग्लंडकडे वळावेत, हा त्यामागील एक उघड हेतू होता. म्हणजे पदवीच्या स्वीकारातच विद्यापीठांची परस्परांशी चाललेली स्पर्धा होती. अर्थकारण हे या पदवीला मागाहून जडलेले दूषण होय, असे जे समजले जाते, त्याला इतिहासाचा आधार नाही.

विल्यम जेम्स या तत्त्वज्ञाने १९०३ मध्येच पीएच.डी.ला अष्टपाद सागरी प्राण्याची उपमा देणारा निबंध लिहिला. एका महाविद्यालयाने साहित्याच्या अध्यापनासाठी एका गुणी तरुणाची नियुक्ती केली आणि मग त्याच्याजवळ पीएच.डी. नाही असे त्या महाविद्यालयाच्या ध्यानात आले, असा प्रसंग त्यात आहे. पदवी साहित्यातील नसून तत्त्वज्ञानातील असली तरी संस्थेची हरकत नव्हती. संस्थेला हवी होती ती नावापुढील अक्षरे. स्वतः जेम्सजवळ वैद्यकाची पदवी होती, पीएच.डी. नव्हती. या प्रसंगावरून एवढे ध्यानात यावे की, शब्दाचा नवा अर्थ रूढ झाला म्हणून जुना नाहीसा होत नाही. ‘संशोधक’ हा अर्थ वर आला तरी ‘परवानाधारक’ हा अर्थ खाली जिवंत राहिला आणि संधी मिळताच पुन्हा वर आला.

३

पदवीच्या आर्थिक मूल्याची पहिली उपपत्ती ज्ञानाला भांडवल मानते. बराच काळ व श्रम वेचून शिकलेल्या माणसाची तुलना अॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात महागड्या यंत्राशी केली होती. यंत्रावरील खर्च जसा त्याच्या कामातून वसूल व्हावा लागतो, तसा शिक्षणावरील खर्च अधिक वेतनातून वसूल व्हावा, असा हा विचार. थिओडोर शुल्ट्झ यांनी डिसेंबर १९६० मधील अमेरिकी अर्थशास्त्र परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात आणि गॅरी बेकर यांनी १९६४ च्या ग्रंथात या विचाराला ‘मानवी भांडवल’ या सिद्धान्ताचे रूप दिले. शिक्षणाने माणसाची उत्पादनक्षमता वाढते, वेतन त्या क्षमतेचे माप असते, म्हणून पदवीधराचे अधिक वेतन हेच पदवीच्या मूल्याचे प्रमाण होय, असा त्याचा सारांश सांगता येईल.

या उपपत्तीची पहिली अडचण तिच्याच मोजपट्टीतून उद्भवते. ब्रिटनमधील वेतनांची तुलना करणारा बर्नार्ड केसी यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठात जाण्याची पात्रता असून न गेलेल्या पुरुषांच्या तुलनेत पीएच.डी. झालेल्या पुरुषांचे वेतन २६ टक्क्यांनी अधिक आढळले. परंतु केवळ पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांच्या बाबतीत हे आधिक्य २३ टक्के होते. म्हणजे प्रबंधासाठी घातलेल्या अधिकच्या वर्षांच्या वाट्याला तीन टक्के आले. काही विषयांत तर तेही आले नाही, भाषाविषयांत पीएच.डी. व पदव्युत्तर पदवी यांच्या वेतनात फरक दिसला नाही. मानवी भांडवलाचा सिद्धान्त शब्दशः घेतला, तर भाषांवरील प्रबंधलेखनाने माणसाच्या क्षमतेत काहीच भर पडत नाही, असा निष्कर्ष काढावा लागेल. प्रबंध लिहिलेल्या कोणाही माणसाला तो मान्य होणार नाही, आणि ते केवळ अभिमानामुळे नव्हे. साधनांची चिकित्सा, पुराव्याचे वजन करणे, शेकडो पृष्ठांचा युक्तिवाद एका सूत्रात बांधणे, या गोष्टी प्रबंधकर्ता निश्चितच शिकतो. त्या वेतनात उतरत नाहीत, एवढेच केसी यांचे आकडे सांगतात.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. क्षमतेचे दाम बाजार चोख देतो, असे हा सिद्धान्त धरून चालतो. महाराष्ट्राच्या विद्येतिहासातील सर्वांत ठळक उदाहरण याच्या विरुद्ध साक्ष देते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठातील उच्च अध्ययनानंतर १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्यांना त्या शहरात राहावयास जागा मिळाली नाही आणि नोकरी सोडावी लागली. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवहारावरील त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने छापला गेला आणि १९२७ मध्ये कोलंबियाची पदवी त्यांना विधिवत मिळाली. बडोदे येथे त्यांच्या ज्ञानात काही उणे नव्हते. उणीव होती ती ते ज्ञान ज्या समाजाने विकत घ्यावयाचे त्या समाजात. भांडवल माणसाजवळ असते हे खरे, पण त्याची किंमत घेणाऱ्याच्या हाती असते.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे उदाहरण याच गोष्टीची दुसरी बाजू दाखविते. त्यांनी १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. स्वदेशी परतल्यावर विद्यापीठातील स्थिर आसन त्यांना लाभले नाही. मग त्यांनी भागभांडवलाची मंडळी उभारून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. ज्याच्या ज्ञानाला गिऱ्हाईक मिळाले नाही त्याने स्वतःच मालक होऊन इतरांना काम दिले. ज्ञानकोशाने मराठी वाचकाला जे दिले त्याचे मोल केतकरांच्या मिळकतीवरून काढू गेल्यास हिशेब मुळातच चुकेल. ज्ञानाचे सामाजिक फळ आणि ज्ञानवंताचे वेतन ही दोन मापे आहेत, आणि पहिले दुसऱ्याने मोजता येत नाही.

४

दुसरी उपपत्ती पदवीला खूण मानते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या विचारानुसार मालकाला उमेदवाराची अंगभूत योग्यता बाहेरून दिसत नाही. म्हणून तो अशी खूण शोधतो की जी मिळविणे योग्य माणसाला तुलनेने सोपे आणि अयोग्याला महाग पडावे. त्याच वर्षी केनेथ अॅरो यांनी उच्चशिक्षणाला चाळणीची उपमा देऊन हाच मुद्दा निराळ्या मार्गाने मांडला. या दृष्टीने पाहता प्रबंधात काय लिहिले आहे याला महत्त्व नाही. तो लिहून पुरा करणारी माणसे कोण, हे कळणे महत्त्वाचे. शिक्षणाने योग्यता वाढत नसून ती फक्त ओळखू येते.

पहिल्या उपपत्तीचे जे जनक ठरले त्या स्मिथनेच या दुसरीविषयीचा संशयही आधी नोंदविला होता. वैद्यकाच्या पदव्यांसंबंधी विल्यम कलन यांना १७७४ मध्ये लिहिलेल्या पत्रात, पदवी ही पदवीधराच्या विद्येची फार तर एक दुबळी हमी आहे, त्याच्या विवेकाची तर मुळीच नाही, अशा आशयाचा युक्तिवाद त्याने केला आहे. स्मिथच्या ग्रंथाचा आधार घेणाऱ्यांनी हे पत्र नजरेआड करू नये.

खुणेच्या उपपत्तीत एक अट अनुस्यूत आहे आणि तीच येथे कसोटीला लावावयास हवी. खूण खरी ठरण्यासाठी तिचा खर्च योग्यतेच्या उलट प्रमाणात बदलला पाहिजे. पीएच.डी.चा भारतातील मुख्य खर्च कोणता? विश्वविद्यालय अनुदान आयोगाने १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्ती ४२,००० रुपये ठरविली. सातव्या वेतन आयोगानुसार साहाय्यक प्राध्यापकाचे प्रारंभिक मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. पहिली दोन वर्षे कनिष्ठ व पुढील तीन वर्षे वरिष्ठ वृत्ती धरली, तर नुसत्या मूळ वेतनाशी तुलना करता पाच वर्षांतील तूट १०,६२,००० रुपये होते. वार्षिक वेतनवाढी व महागाई भत्ता यात धरलेले नाहीत. अर्थात नोकरी लगेच मिळालीच असती असे मानून केलेला हा हिशेब आहे. पण तो अधिछात्रवृत्ती मिळणाऱ्या भाग्यवंतांचा आहे, हेही विसरता कामा नये. जे तासिका तत्त्वावर शिकवीत, मिळेल त्या वेळात प्रबंध लिहितात, त्यांच्या तुटीचे कोष्टक कोणी मांडत नाही.

हा खर्च बुद्धीच्या प्रमाणात बदलत नाही. तो घरच्या परिस्थितीच्या प्रमाणात बदलतो. ज्याच्या घरी कोणीतरी मिळवते आहे तो थांबू शकतो. ज्याच्या मिळकतीवर घर चालावयाचे आहे, तो बुद्धिमान असूनही अर्ध्यावर सोडून जातो. विवाहानंतर गाव बदलावे लागलेल्या स्त्रियांच्या अर्धवट राहिलेल्या प्रबंधांची कारणेही बुद्धीच्या प्रांतातली नसतात. अशा स्थितीत पुऱ्या झालेल्या पदवीवरून मालकाला जर काही कळत असेल, तर ते एवढेच की या माणसाला थांबणे परवडले. म्हणून अधिछात्रवृत्ती ही केवळ दातृत्वाची बाब ठरत नाही. ती नसेल तर खूण खोटी पडते. वृत्तीचा खर्च वाचविणारे शासन मालक या नात्याने स्वतःच्याच चाळणीची छिद्रे बिघडवीत असते.

५

या दोन उपपत्तींनी युरोप-अमेरिकेतील चर्चा व्यापली आहे. परंतु भारतातील विद्यापीठीय नोकरीच्या संदर्भात त्या दोन्ही अपुऱ्या ठरतात, कारण येथे पदवीची किंमत ठरविणारा तिसरा घटक प्रबळ आहे. तो म्हणजे नियम. येथे पदवी ज्ञान असो वा खूण असो, ती प्रथमतः परवाना आहे.

ही गोष्ट स्पष्ट करण्यास भाषाशास्त्रातील एक जुना विचार उपयोगी पडतो. फेर्दिनां द सोस्यूर यांच्या व्याख्यानांवरून १९१६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, सिद्ध झालेल्या ग्रंथात भाषिक मूल्याची तुलना नाण्याशी केली आहे. पाच फ्रँकच्या नाण्याचे मूल्य दोन संबंधांनी ठरते. त्याच्या बदली भाकरीसारखी विजातीय वस्तू मिळते, हा एक संबंध; एक फ्रँकच्या सजातीय नाण्याशी त्याचे काही प्रमाण असते, हा दुसरा. शब्दाचेही तसेच आहे. शेजारचा शब्द गेला किंवा नवा आला, तर स्वतः यत्किंचितही न बदलता शब्दाचे मूल्य बदलते. खुद्द सोस्यूर यांचे चरित्र या विचाराला एक मार्मिक टीप जोडते. ज्या ग्रंथाने त्यांचे नाव झाले, तो आद्य इंडो-युरोपीय भाषेतील स्वरव्यवस्थेवरील ग्रंथ १८७८ अखेर, वयाच्या एकविसाव्या वर्षी प्रसिद्ध झाला. लाइपझिगची डॉक्टरेट त्यांना १८८० मध्ये मिळाली ती संस्कृतातील सति षष्ठीच्या प्रबंधावर, आणि तो आज मोजक्याच तज्ज्ञांच्या वाचनात येतो.

आता भारतातील पीएच.डी.चे सजातीय शेजारी पाहावेत. १९८९ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे ‘नेट’, सुरू झाली. पीएच.डी.धारकांना तिच्यातून सूट मिळत असे. २००९ च्या विनियमांनी ही सूट त्या विनियमांप्रमाणे पदवी घेतलेल्यांपुरती मर्यादित केली. त्यापूर्वी रीतसर पदवी मिळविलेल्या हजारोंच्या हातातील नाणे एका दिवसात हलके झाले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च २०१५ मधील निर्णयाने तो नियम ग्राह्य ठरला. २०१६ मध्ये आयोगाने विनियमांत दुरुस्ती करून ११ जुलै २००९ पूर्वी नोंदणी केलेल्यांना काही अटींवर पुन्हा सूट दिली. नियमित पद्धतीने मिळालेली पदवी, दोन बाह्य परीक्षक, खुली मौखिक परीक्षा, प्रसिद्ध झालेले निबंध व परिषदांतील निबंधवाचन अशा त्या अटी होत. २०१८ च्या विनियमांत विद्यापीठ विभागांतील साहाय्यक प्राध्यापकपदासाठी १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. अनिवार्य होणार असे ठरले. ती मुदत दोन वर्षे पुढे गेली. ३० जून २०२३ रोजी, म्हणजे नियम अमलात येण्याच्या आदल्या दिवशी, तो बदलून नेट, सेट अथवा स्लेट ही किमान अर्हता व पीएच.डी. ऐच्छिक असे झाले.

या वर्षांत कोणत्याही एका प्रबंधातील एकही वाक्य बदलले नाही. २००८ मध्ये जो अध्यापक आपल्या विषयात जेवढा जाणता होता तेवढाच तो २०१० मध्ये, २०१५ मध्ये आणि २०१६ मध्येही होता. तरी त्याची पदवी एकदा चालली, एकदा बाद झाली, आणि पुन्हा चालू झाली. पहिल्या उपपत्तीने याचा उलगडा होत नाही, कारण क्षमता स्थिर होती. दुसरीनेही होत नाही, कारण खूणही तीच होती. बदलले ते शेजार. यावरून येथील बाजारात पदवीच्या मूल्याचा मोठा भाग पदवीबाहेर असतो, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

‘ऐच्छिक’ या शब्दाचेही असेच आहे. कोशात त्याचा अर्थ इच्छेनुसार असा असेल. २०१८ च्या विनियमांतील कोष्टकात त्याचा अर्थ निराळा आहे. विद्यापीठातील साहाय्यक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना त्या कोष्टकाने पीएच.डी.ला ३० गुण, कनिष्ठ अधिछात्रवृत्तीसह नेटला ७ आणि नुसत्या नेटला ५ गुण दिले. सेवेत आल्यावर पहिली पदोन्नती पीएच.डी.धारकास चार वर्षांनी व अन्य नेटधारकास सहा वर्षांनी मिळावी अशी तरतूद केली, आणि सहयोगी प्राध्यापकपदासाठी ही पदवी आवश्यकच ठेवली. प्रवेशद्वारावरची पाटी बदलली तरी आतील जिन्याच्या पायऱ्या त्याच पदवीच्या राहिल्या.

६

परवान्याचे दाम देऊन मालकाच्या पदरात काय पडते, हा यापुढील प्रश्न. मालक म्हणजे येथे महाविद्यालये चालविणाऱ्या संस्था, विद्यापीठे आणि वेतनाचा भार उचलणारे शासन. परवाना मागितला तर परवानाच मिळतो. २०१६ च्या विनियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी मान्यताप्राप्त नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध करण्याची अट घातली. हेतू चांगला होता. परंतु निबंध वाचला जावा अशी अट कोणताही विनियम घालू शकत नाही, आणि जे फक्त मोजले जाणार आहे ते मोजणीपुरतेच तयार होते. पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. त्यानंतर चोख नियतकालिकांची यादी करण्याचे काम पुणे विद्यापीठातील कक्षाकडे आले, आणि २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही बंद केली. प्रबंधापूर्वीच्या निबंधाची सक्ती २०२२ च्या विनियमांत राहिली नाही. त्याच विनियमांनी एम.फिल. ही शेजारची पदवीही संपविली. खोट्या नाण्याचा सुळसुळाट होतो तो नाणे पारखणारा कोणी नसतो तेथे.

ज्या कामात परवाना चालत नाही, तेथे चित्र निराळे दिसते. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून चाललेल्या संस्कृत महाकोशाच्या कामात शब्दाच्या एखाद्या प्रयोगाचा काळ ठरवावयाचा असतो, तेव्हा संपादकाच्या नावाआधी काय लागते याला अर्थ उरत नाही. पाठभेद पारखता येतो की नाही, एवढेच पाहिले जाते. ज्यूल ब्लोक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथ मुळात पॅरिस येथे सादर केलेला प्रबंध होता. १९२० मध्ये तो फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला, १९४१ मध्ये वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला, आणि मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाच्या अभ्यासकाला आजही त्याला वळसा घालून जाता येत नाही. त्याने ब्लोक यांना परवाना दिला असेलही. पण त्याचे खरे मूल्य त्याला वाचक मिळत राहिले यात आहे. उलटपक्षी, इतिहासाचार्य राजवाडे बी.ए.च्या पलीकडे गेले नाहीत आणि विश्वकोशाचे प्रमुख संपादक लक्ष्मणशास्त्री जोशी यांची पदवी ‘तर्कतीर्थ’ ही होती. अशा थोरांच्या उदाहरणांवरून पीएच.डी. निरुपयोगी ठरविणे हा मात्र तर्कदोष होईल. अपवादांच्या तेजाने नियम झाकला जातो, सिद्ध होत नाही. ब्लोक आणि राजवाडे यांची नावे एका वाक्यात घ्यावयाची ती एवढ्यासाठीच की, दोघांचेही काम वाचूनच पारखता येते.

७

या विवेचनावर एक सबळ आक्षेप संभवतो आणि तो डावलून चालणार नाही. परवाना वाईट म्हणावा, तर त्याच्याआधी काय होते? संस्थाचालकांचा गोतावळा, जात, गाव, वशिला. लेखी नियमाने निदान एवढे केले की, ज्याचे कोणी नाही अशा उमेदवाराला कागदाच्या बळावर दार ठोठावता येऊ लागले. बडोद्याचा प्रसंग ज्याने वाचला आहे त्याने नियमाला तुच्छ लेखू नये. मालकाच्या मर्जीहून नियम नेहमीच बरा.

हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागते. परवाना हवा, पण तो देण्यासाठी पाच वर्षांच्या संशोधनाची गरज नाही; एक चोख परीक्षा आणि खुली, कारणे नोंदविणारी निवडपद्धती तेवढे काम करू शकते. २०२३ च्या दुरुस्तीने प्रवेशापुरते हे तत्त्व अर्धे मान्य केले. उरलेले अर्धे असे की, जेथे संशोधनाचे दाम द्यावयाचे आहे तेथे संशोधन वाचून द्यावे. पदोन्नतीच्या समितीने प्रबंधाचे शीर्षक, वर्ष आणि गुण लिहून घेण्याऐवजी त्यातील एक प्रकरण वाचून त्यावर चर्चा करावी. ही सूचना साधी आहे आणि म्हणूनच अवघड आहे, कारण तिला वेळ लागतो, आणि वाचणाऱ्यालाही विषय यावा लागतो.

‘कोणते दिवे लावणार’ हा प्रश्न म्हणून विद्यार्थ्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, मालकाला लागू पडतो. पदवीची अट घालणारे, अधिछात्रवृत्तीची संख्या ठरविणारे, अनुदानित महाविद्यालयांतील जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर काम भागविणारे, हे सर्व अधिकार शासन आणि शासनाच्या संस्था यांच्याच हाती आहेत. दिव्याला तेल घालावयाचे नाही, तो ठेवावयास कोनाडा द्यावयाचा नाही, आणि उजेड का पडत नाही म्हणून विचारावयाचे, हे न्यायाचे नव्हे.

विद्यार्थ्याच्या बाजूनेही यातून एक धडा निघतो, आणि पदव्युत्तर वर्गात बसून पुढील पाच वर्षांचा निर्णय करणाऱ्याला तो उपयोगी पडावा. पदवीच्या तीन मूल्यांपैकी परवान्याचे मूल्य परिपत्रकाने येते आणि परिपत्रकाने जाते. खुणेचे मूल्य पदवीधरांची संख्या वाढेल तसे घटते. या दोहोंवर त्याचा ताबा नाही. केवळ त्यांच्या भरवशावर जो नोंदणी करील त्याने हा सौदा जोखमीचा आहे हे आधीच जाणून असावे, आणि घरची परिस्थिती तशी नसल्यास तो न करण्यात कमीपणा मानू नये. तिसरे मूल्य ज्ञानाचे. त्याला भाव येईलच असे नाही. केसी यांचे आकडे त्याविषयी पुरेसे स्पष्ट आहेत. पण प्रबंधातील एखादे प्रकरण जर कोणा अनोळखी अभ्यासकाला वीस वर्षांनी उघडून पाहावे लागले, तर ते मूल्य कोणत्याही विनियमाच्या दुरुस्तीने रद्द होत नाही. विषय निवडताना मार्गदर्शकाने व विद्यार्थ्याने ‘हा प्रबंध कोण वाचील?’ हा प्रश्न आधी विचारावा. ‘याने काय मिळेल?’ या प्रश्नाचे उत्तर तोवर कदाचित बदललेले असेल.